खोक्यावरचा ओंबीचा शिक्का

परदेशातून आलेल्या यंत्राचं लाकडी खोकं फोडलंत, तर फळ्या टाकून देण्याआधी त्यांवरचा शिक्का जरूर पाहा. गव्हाची ओंबी, देशाची दोन अक्षरं आणि ‘एचटी’ किंवा ‘एमबी’ अशी खूण त्यात दिसेल.

हा शिक्का उगीच आलेला नाही. १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात लांब मिशांचा आशियाई भुंगेरा सापडला. मालाच्या कच्च्या लाकडात लपून तो आला, असं मानलं जातं. त्याला आवरण्यासाठी हजारो झाडं तोडावी लागली. २००२ साली ‘आयएसपीएम १५’ हा आंतरराष्ट्रीय नियम झाला. त्यानुसार लाकडाची साल काढायची आणि ते गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवायचं, हे ‘एचटी’. ‘एमबी’ म्हणजे मिथिल ब्रोमाइडची धुरी. पण हा वायू ओझोनच्या थराला मारक, म्हणून उष्णताच बरी. प्लायवूड तयार होतानाच उष्णतेतून आणि दाबातून जातं, त्यामुळे त्याला सूट आहे.

खरी मेख पुढेच आहे. शिक्का क्षणात मारता येतो. गाभा तापायला वेळ आणि इंधन लागतं. नुसत्या फळीकडे पाहून ती तापवली होती का, हे कळत नाही. न्हावा शेव्याहून माल पाठवणाऱ्या लहान उद्योजकांना म्हणूनच माझं सांगणं आहे : मान्यताप्राप्त केंद्रातूनच प्रक्रिया करून घ्या आणि तापमानाची नोंद मागून घ्या. खोट्या शिक्क्याने वाचलेल्या चार पैशांची किंमत दूरच्या कुणाच्या तरी झाडांना मोजावी लागते.