पिशवीतले थेंब



आठवीत बाईंनी जास्वंदीच्या फांदीला पिशवी बांधली. तासाभरात आत थेंब जमले. झाड प्यायलेलं बहुतेक पाणी पानांच्या पर्णरंध्रांतून हवेत सोडतं, थोडं खोडाच्या वल्करंध्रांतूनही, असं बाईंनी सांगितलं. मी पाठ केलं आणि विसरलो.

२०१३च्या उन्हाळ्यात जालन्यात आमची मोसंबीची बाग वाळू लागली. टँकर परवडेना. तेव्हा ती पिशवी आठवली. पानं कमी, तर पाण्याचा खर्च कमी. मी फांद्या छाटल्या, बुंध्याभोवती पाचट अंथरलं. वडील दोन दिवस बोलले नाहीत. फळ गेलं, पण निम्मी झाडं जगली.

बाई, त्या धड्यावर मला दहापैकी चार गुण होते. उरलेले बागेत मिळवले.