मूत्रपिंड, मूत्राशय आणि आपली व्रते
(सुवर्णमहोत्सवी आरोग्य व्याख्यानमालेतील भाषण)



पाणी गाळून, उकळून आणि वेळ पाहून प्यावे, हे आपल्या घरांत मुलांना अक्षरओळखीच्याही आधी शिकविले जाते. पाण्याचा इतका सूक्ष्म विचार करणाऱ्या समाजापुढे मूत्रपिंडाविषयी बोलणे मला उचित वाटले. कारण शरीरात पाण्याचा हिशेब ठेवणारा अवयव तोच आहे.

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला, मुठीएवढी ही दोन मूत्रपिंडे असतात. प्रत्येकात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या. दिवसभरात त्यांतून सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो, आणि त्यातील दीड-दोन लिटर वगळता सारा पुन्हा रक्तात घेतला जातो. रक्तदाबाचे नियमन, रक्तातील तांबड्या पेशींच्या निर्मितीला चालना आणि 'ड' जीवनसत्त्व कार्यक्षम करणे, हीही कामे त्यांचीच.

असा हा कष्टाळू अवयव तक्रार मात्र फार उशिरा करतो. निम्मी कार्यशक्ती गेली तरी रक्तातील क्रिएटिनिन सर्वसामान्य मर्यादेत दिसू शकते. मूत्रपिंड निकामी होण्याची दोन प्रमुख कारणे मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही आहेत, आणि व्यापारी पेढीवर बैठे जीवन जगणाऱ्या आपल्या समाजात या दोन्ही व्याधी पाहुण्या राहिलेल्या नाहीत. म्हणून अशा व्यक्तींनी वर्षातून एकदा रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन या दोन्ही तपासण्या कराव्यात. दुसरी तपासणी बहुधा राहून जाते. वास्तविक बिघाडाची पहिली चाहूल तीच देते.

आता ज्या विषयावर डॉक्टर बोलावयास कचरतात आणि रुग्ण विचारावयास संकोचतात, त्याकडे वळतो: उपवास. निरोगी मूत्रपिंडे एका दिवसाचा चौविहार उपवास सहसा सहन करतात. लघवी घट्ट करून ती पाणी वाचवितात. परंतु आधीच दुर्बल झालेल्या मूत्रपिंडांत ही बचत करण्याची शक्ती उरलेली नसते. शरीर कोरडे पडते, रक्तदाब उतरतो आणि वर्षभरात व्हायची ती हानी चार दिवसांत होऊ शकते. चौविहार छठ करून शत्रुंजयाच्या सात यात्रा करणाऱ्यांविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. पण पाण्याविना साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्यांची पुनःपुन्हा चढण म्हणजे स्नायू आणि मूत्रपिंड या दोहोंवर एकाच वेळी आघात. मूत्रपिंडाचा विकार असलेल्याने ती करू नये, असे मी स्पष्टपणे सांगतो.

लघवी वाढविणाऱ्या, रक्तदाबाच्या आणि लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या उपवासात पूर्ववत चालू ठेवणे धोक्याचे ठरू शकते. त्या मनाने बंद करणेही तितकेच धोक्याचे. अठ्ठाईचा संकल्प करण्यापूर्वी डॉक्टरांना भेटावे, पारण्यानंतर नव्हे. पच्चक्खाणातच सर्वसमाधिप्रत्यय हा आगार आहे. तीव्र व्याधीत समाधी टिकविण्यासाठी औषध घेतल्यास व्रतभंग होत नाही, ही तरतूद आपल्या पूर्वाचार्यांनी विचारपूर्वक ठेवली आहे. तिचा आधार घेण्यात कमीपणा कसला? ज्याला जलत्याग झेपत नाही त्याला गुरुमहाराजांच्या आज्ञेने तिविहार, आयंबिल, एकासणे असे मार्ग खुले आहेत. अर्थात तेही मधुमेह्याने डॉक्टरांना विचारूनच.

नित्य चौविहार पाळणाऱ्यांना एक सूचना. मूतखडा होऊन गेलेल्यांना दिवसाकाठी किमान दोन लिटर लघवी होईल इतके पाणी लागते, आणि रात्रीचे पाणी आपल्याकडे वर्ज्य. तेव्हा नवकारशीपासूनच थोडे थोडे पाणी पीत राहावे. सूर्यास्ताच्या दहा मिनिटे आधी तांब्याभर पाणी घाईघाईने रिचविण्याची पद्धत फारशी उपयोगाची नाही. त्याने पहाटेपर्यंतची तूट भरत नाही, रात्रीची झोप मात्र मोडते. ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून घ्यावयास सांगितले आहे, त्यांना अर्थातच हा सल्ला लागू नाही.

आहाराबाबत आपला एक गोड गैरसमज आहे, की कंदमूळ वर्ज्य केले म्हणजे सारे साधले. लोणची, पापड आणि मसालेदार खाखरे यांतून मीठ किती जाते ते कोण मोजतो? दिवसभराचे मीठ ५ ग्रॅमच्या आत असावे. आणि ज्यांच्या रक्तात पोटॅशियम वाढले आहे, त्यांच्यासाठी बटाट्याऐवजी घातलेली कच्ची केळी काही निर्दोष नव्हेत. तिच्यातही पोटॅशियम भरपूर असते. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणून महिनोन्‌महिने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या हा आणखी एक छुपा शत्रू.

मूत्राशयाविषयी विशेषतः भगिनींना सांगावयाचे आहे. साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर सामावणारी ही पिशवी. प्रवचनात, प्रतिक्रमणात, यात्रेच्या बसमध्ये तासन्‌तास लघवी रोखून धरली जाते. किंबहुना ती लागू नये म्हणून पाणीच पिणे टाळतात. यातून जंतुसंसर्ग वारंवार होण्याची शक्यता वाढते. दशवैकालिक सूत्रात गोचरीस निघालेल्या मुनींनाही मलमूत्राचा आवेग रोखू नये असे सांगितले आहे, आणि चरकसंहितेत तर न रोखावयाच्या वेगांवर स्वतंत्र अध्याय आहे. जळजळ, थंडी वाजून ताप, लघवीतून रक्त ही लक्षणे लाजेपोटी लपवू नयेत. त्याचप्रमाणे पन्नाशी ओलांडलेल्या बंधूंनी धार बारीक होणे किंवा रात्री चार वेळा उठावे लागणे याला केवळ वय झाले असे म्हणून सोडून देऊ नये. पुरःस्थ ग्रंथी वाढून लघवी तुंबली तर तिचा दाब मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो.

विश्वस्त मंडळास एक विनंती. उपाश्रय आणि धर्मशाळेच्या पुढील बांधकामात स्वच्छ, उजेडाची आणि वृद्धांना बसता-उठता येईल अशी स्वच्छतागृहे सभागृहाच्या जवळ असावीत, आणि चातुर्मासापूर्वी तपस्वींची रक्त-लघवी तपासणी दरवर्षी येथेच व्हावी. ती कशी करता येईल याची चर्चा आपल्या प्रश्नांसोबत आताच करू. जय जिनेंद्र.