वैद्यकी : उपजीविका की पाचारण?

(महोत्सवानिमित्त दिंडोशी येथे भरलेल्या तरुणांच्या सभेतील भाषण)



आपल्या धर्मग्रामातील जी मुलेमुली वैद्यकीचा वा परिचर्येचा अभ्यास करीत आहेत, त्यांपैकी काहीजण आम्हांस विचारतात, "फादर, वर्षानुवर्षे पुस्तके घोकली, रात्रपाळ्या केल्या, आता रोगी म्हणजे केवळ खाटेचा क्रमांक वाटू लागला आहे. देवाने आम्हांला याच कामासाठी बोलाविले, हे ओळखावे कसे?" हा प्रश्न हलका नव्हे. मन विटले तरी हात चालत राहतात, परंतु डोळे पाहावयाचे थांबतात. आणि त्याचे मोल रोग्याला द्यावे लागते.

याचे उत्तर आम्ही एका चरित्रातून देऊ इच्छितो. डॉक्टर आकासिओ व्हिएगस यांचा जन्म १८५६ साली गोव्यातील हडफडे गावी झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून पदवी घेऊन त्यांनी मांडवीच्या दाट वस्तीत दवाखाना थाटला. १८९६ च्या सप्टेंबरात तेथे त्यांना तापाचा आणि गाठीचा रोगी आढळला. त्या वस्तीत तापाचे रोगी काय थोडे होते? 'ताप' एवढे लिहून पुढच्या घरी जाणे सोपे होते. परंतु ते थांबले, त्यांनी नीट पाहिले आणि हा गाठीचा प्लेग आहे असे स्पष्ट सांगितले. हे सत्य कोणासच नको होते. बंदराचा व्यापार त्यामुळे बसणार होता. त्यांच्या निदानावर शंका घेण्यात आली. पण पुढील तपासणीत ते खरे ठरले. १९०६ साली ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले आणि धोबी तलावावर त्यांचा पुतळाही उभारला गेला. तथापि त्यांच्या वैद्यकीस अर्थ आला तो या मानामुळे नव्हे. तो दहा वर्षे आधी मांडवीतील त्या रोग्यापाशीच आला होता.

त्या साथीच्या काळी हे एकटेच नव्हते. हाफकिन यांनी मुंबईत लस सिद्ध करून १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली. पुण्याकडे सावित्रीबाई फुले यांनी आपले डॉक्टर पुत्र यशवंत यांच्या दवाखान्यात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा केली आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने देह ठेविला. त्यांच्यापाशी वैद्यकीची पदवी नव्हती, हे विसरू नका.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला फक्त संत लूकच्या शुभवर्तमानात आहे, आणि परंपरेने लूक हा वैद्य मानला जातो. त्या दाखल्यात याजकाने जखमी मनुष्यास पाहिले, लेव्यानेही पाहिले. थांबला मात्र एकटा शोमरोनी. आपले जीवितकार्य कोणते, याचा विचार करीत तो वाटेवर बसला नव्हता. त्याचे कार्य त्याच्यापुढेच पडलेले होते.

तेव्हा तरुणांनो, मन विटेल त्या दिवशी फार दूर पाहू नका. एका रोग्यापाशी क्षणभर बसा. त्याचे नाव, त्याचे गाव, घरी त्याची वाट पाहणारे कोण, हे विचारा. मग जे दिसेल ते खरे सांगा, कोणास आवडो वा न आवडो. पाचारण बहुधा असेच, थांबणाऱ्यालाच, ऐकू येते.

साष्टीच्या गावठाणांतून प्लेगच्या काळचे क्रूस आजही उभे आहेत. त्यांच्यापुढे मेणबत्ती लावताना, त्या दिवसांत रोग्याच्या खाटेपासून न हटलेल्यांचेही स्मरण करा. परमेश्वर तुमच्या डोळ्यांना आणि हातांना आशीर्वाद देवो. आमेन.