पाव, दूध आणि कागदपत्रे



मी वसईतल्या कॅथलिक घरात वाढले, एम.एस.डब्ल्यू. केले आणि आता स्त्रियांच्या निवाऱ्यात काम करते. ‘श्रद्धा आणि बिनकागदी स्थलांतरित’ या विषयावर बोल, असे मला सांगितले तेव्हा आधी आठवल्या त्या मेक्सिकोतल्या काही बायका.

वेराक्रुझ राज्यात ला पात्रोना नावाचे खेडे आहे. तिथून उत्तरेकडे मालगाडी जाते. होंडुरास, ग्वाटेमाला, एल साल्वादोरमधली माणसे गरिबीने आणि टोळ्यांच्या दहशतीने अमेरिकेची वाट धरतात. व्हिसा नाही, बसभाडे नाही, म्हणून ती या गाडीच्या टपावर बसतात. झोप लागून रुळावर पडलेल्यांचे पाय जातात. वाटेत लूट होते, बायकांवर बलात्कार होतात. लोक या गाडीला ‘ला बेस्तिया’, म्हणजे श्वापद, म्हणतात.

१९९५ साली रोमेरो कुटुंबातल्या दोघी बहिणी दुकानातून पाव-दूध घेऊन परतताना रुळाशी थांबल्या होत्या. टपावरच्या माणसांनी ओरडून सांगितले, भूक लागली आहे. दोघींनी हातातले सगळे देऊन टाकले. घरी बोलणी बसतील याची धास्ती होतीच. पण त्यांची आई लिओनिला वास्केस रागावली नाही. उलट त्या माणसांसाठी रोजचे जेवण रांधण्याचे काम घरातल्या बायकांनी अंगावर घेतले. भात, घेवड्याची उसळ आणि मक्याच्या भाकऱ्या पिशवीत बांधायच्या. पाण्याच्या दोन-दोन बाटल्या दोरीने जोडायच्या, म्हणजे धावत्या गाडीवरच्या माणसाला त्या पटकन पकडता येतात. रुळाच्या अगदी कडेला हात लांब करून उभे राहायचे. पंचवीस वर्षे उलटून गेली तरी हे काम थांबले नाही. सुरुवातीला तर मदत करणाऱ्यावरच तस्करीचा आळ येण्याची भीती होती. २०१३ साली याच बायकांना, ‘लास पात्रोनास’ना, मेक्सिकोचा राष्ट्रीय मानवाधिकार पुरस्कार मिळाला.

या काही धर्मशास्त्र शिकलेल्या बायका नव्हेत. परक्याला घरात घेणे म्हणजे ख्रिस्ताला घेणे, हे मत्तयच्या शुभवर्तमानातले सांगणे त्यांनी मिस्सात ऐकलेले, एवढेच. (ज्या चर्चमध्ये बाईला वेदीवर पुरोहित होता येत नाही, त्याच चर्चचे हे काम किती ठिकाणी बायकाच ओढतात, तो वेगळा विषय आहे. त्यावर एक आख्खे शिबिर घ्यावे लागेल.)

आता दुसरी बाजू. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष जे. डी. व्हान्स, हेही कॅथलिकच, यांनी एका मुलाखतीत प्रेमाचा क्रम सांगितला : आधी कुटुंब, मग शेजारी, मग आपला समाज, देश आणि त्यानंतर बाकीचे जग. सीमेवर नियंत्रण ठेवण्याचा राष्ट्राचा हक्क चर्चही मानते. पण १० फेब्रुवारीला पोप फ्रान्सिस यांनी अमेरिकी बिशपांना पत्र लिहिले. कागद नसलेल्याला सरसकट गुन्हेगार धरू नका, आणि प्रेमाचा खरा क्रम दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यात शोधा, असा त्याचा आशय होता. त्यानंतर दहा आठवड्यांनी ते वारले.

‘आधी घरचे बघ’ हे वाक्य आपल्याला कुणी नव्याने शिकवायला नको. मोर्चाला निघालो की हेच, मीटिंगला निघालो की हेच. त्या बहिणींनी दिले ते घरचेच पाव-दूध होते. कुणाला द्यायचे हे त्यांनी रुळाशी उभे राहून स्वतः ठरवले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

टेक्सासमधल्या एल पासो शहरात १९७८ पासून ‘अनन्सिएशन हाउस’ हे कॅथलिक आश्रयगृह चालते. २०२४ मध्ये राज्याच्या ॲटर्नी जनरलने त्याच्याकडे दप्तर मागितले. आलेल्या माणसांच्या नोंदीही त्यांना हव्या होत्या. संस्थेने हरकत घेतली, खटला उभा राहिला. मे २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ॲटर्नी जनरलना कारवाई पुढे नेण्याची मोकळीक दिली.

हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही, कारण दप्तर माझ्याही हातात असते.

तीन वर्षांपूर्वी पावसात एक बाई लहान मुलीला घेऊन आमच्या दाराशी आली. दंडावर भाजल्याचे डाग होते. बंगाली बोलत होती. आधार नाही, रेशनकार्ड नाही. बंगालमधली होती की सीमेपलीकडची, मला कळायला मार्ग नव्हता. आमच्या अर्जात ओळखपत्राचा रकाना पहिल्याच पानावर आहे. वरिष्ठांना फोन केला. ‘उगाच पोलिसांचे लफडे नको,’ असे उत्तर मिळाले. मी तिला चहा दिला, मुलीला बिस्किटे दिली आणि स्टेशनचा रस्ता दाखवला. नियमाप्रमाणे वागले. अर्ज पुरा झाला नव्हता, त्यामुळे तिचे नावही माझ्याकडे नाही.

नाताळात घरी गेले तेव्हा आईला हे सांगितले. आई गोठा मांडत होती. हातातला योसेफ तसाच धरून तिने विचारले, ‘मग ती रात्री निजली कुठे गं?’

पुढच्या महिन्यात आमच्या विश्वस्तांची बैठक आहे. आलेल्या बाईला आधी आत घ्यावे, कागद नंतर बघावेत आणि तो रकाना कोरा राहिला तरी चालावा, असा ठराव मी मांडणार आहे. सात विश्वस्तांपैकी दोघींचा होकार आला आहे. आणखी दोघांचा मिळवायचा आहे.