तापलेला जोड वेळीच ओळखावा

गावचे रोहित्र जळाले म्हणजे केवळ अंधार होतो असे नाही. पाणीपुरवठ्याचा पंप थांबतो, पिठाची गिरणी बंद पडते आणि रब्बीच्या उभ्या पिकाचे पाणी तुटते. कारखान्यातील मुख्य विद्युत् फलक जळाला तर संपूर्ण पाळीचे काम ठप्प होते. प्रसंगी आग लागून कामगारांच्या जिवावर बेतते. असे अपघात आकस्मिक वाटतात. परंतु पुष्कळदा त्यांची पूर्वसूचना उपकरणाने आधीच दिलेली असते. ती उष्णतेच्या रूपाने असल्यामुळे डोळ्यांना दिसत नाही, एवढेच.

ती पाहण्याच्या शास्त्राचा उगम जुना आहे. सन १८०० मध्ये खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल यांनी इंग्लंडमध्ये लोलकाच्या साह्याने सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे केले आणि त्या रंगांत तापमापक ठेवून पाहिले. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे प्रकाश मुळीच दिसत नव्हता, तेथेही तापमान चढलेले आढळले. हेच अवरक्त किरण. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार ते बाहेर टाकीत असते. या किरणांचे चित्र दाखविणारा कॅमेरा १९६५ मध्ये स्वीडनमध्ये वीजवाहिन्यांच्या तपासणीसाठी व्यापारी स्वरूपात तयार झाला. तो अवजड होता व त्याचा संवेदक द्रवरूप नायट्रोजनने थंड ठेवावा लागे. आज असा कॅमेरा एका हातात मावतो.

विजेच्या तारेचा जोड सैल झाला किंवा गंजला की त्याचा रोध वाढतो व तो तापू लागतो. ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. म्हणून तपासणी यंत्रे चालू असतानाच, निदान चाळीस टक्के भार असताना, केली पाहिजे. पंप बंद ठेवून घेतलेले चित्र निर्दोष दिसेल, पण ते फसवे असेल.

तपासणीचे सूत्र तुलनेचे आहे. तिन्ही फेजवर सारखा भार असेल तर त्यांचे जोडही सारखेच तापले पाहिजेत. एखादा जोड इतरांपेक्षा १५ अंश सेल्सिअसहून अधिक तापलेला आढळल्यास तो गंभीर दोष समजून दुरुस्ती तातडीने करावी, असा दंडक रूढ आहे. मोटारीच्या बेअरिंगचा बिघाडही अशाच तुलनेने ध्यानात येतो.

तथापि कॅमेऱ्याच्या मर्यादाही जाणल्या पाहिजेत. चकचकीत तांबे व ॲल्युमिनियम अवरक्त किरण फारच थोडे बाहेर टाकतात. त्यामुळे तापलेली पट्टीही थंड भासते. उघड्यावरील उपकरणांवर उन्हाचे परावर्तन चुकीचे दर्शन घडविते, म्हणून सूर्यास्तानंतरची वेळ अधिक योग्य. जोराच्या वाऱ्याने दोष झाकला जातो. फलकाच्या बंद दारातून किंवा साध्या काचेतून कॅमेऱ्याला आतील जोड दिसत नाही. दार उघडावेच लागते, आणि आत वीज चालू असते. म्हणून हे काम परवानाधारक वीजतंत्रज्ञानेच, योग्य संरक्षक साधने वापरून व सुरक्षित अंतर राखून करावे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी. रंगीत चित्रांचा अहवाल फाइलीत लागला म्हणजे देखभाल झाली, असा समज घातक आहे. चित्राने जोड घट्ट होत नाही. तो पाना हाती घेऊन, वीज बंद करून, साफ व घट्ट करावा लागतो. तेव्हा पाणीयोजनेच्या पंपगृहाची किंवा शाळा-रुग्णालयाच्या विद्युत् फलकाची तपासणी करवून घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी व पंचायत सदस्यांनी तीन गोष्टींचा आग्रह धरावा : तपासणीच्या वेळचा भार अहवालात नोंदलेला असावा, तिन्ही फेजची तुलना दिलेली असावी, आणि दुरुस्तीनंतर तितक्याच भारावर त्याच जोडाचे दुसरे चित्र जोडलेले असावे. ते दुसरे चित्र हाती येईपर्यंत अहवाल निकाली काढू नये.