आजोबांचं बटण



"आता काही करू नका, बसून खा." घरात सून असं म्हणते तेव्हा त्यात माया असते. वृद्धाश्रमात मात्र हेच वाक्य नियम होऊन बसतं. चहा हातात मिळतो, ताट समोर येतं, सदराही कुणीतरी चढवून देतं. तक्रार करायला जागा नसते. पण न वापरलेले हातपाय हळूहळू हट्टी होतात आणि माणूस खुर्चीचाच होऊन जातो.

समजा, वसमतकडच्या एक आजी आहेत. उभा जन्म हळदीत गेला. काढणी, शिजवणी, वाळवण, सगळं केलं. आता लकव्यानं उजवा हात लुळा पडला, म्हणून त्या आश्रमात आल्यात. डॉक्टर विचारतात, "काय दुखतंय?" व्यवसायोपचार तज्ज्ञ, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, विचारतो, "आजी, तुम्हाला काय करावंसं वाटतं?" आजी म्हणतात, "आपल्या हातानं जेवावं, अन् देवापुढं वात लावावी." उपचार इथूनच सुरू होतो.

इथं व्यवसाय म्हणजे धंदा नव्हे. आंघोळीपासून वाती वळण्यापर्यंत ज्या कामांत माणसाचा दिवस जातो, ती सगळी कामं. त्यासाठी मोठी यंत्रंही लागत नाहीत. चमच्याच्या दांड्याला चिंधी गुंडाळून तो जाड केला, की अधू बोटांत बसतो. ताटाखाली ओलं फडकं ठेवलं, की ताट सरकत नाही. कपडे घालताना आधी लुळा हात, काढताना आधी चांगला हात. खुर्ची इतकीच उंच हवी, की तळपाय जमिनीवर पूर्ण टेकतील. आणि डाव्या हातानं जेवायला आजी लाजत असतील, तर त्या लाजेचाही विचार उपचारात व्हायला हवा.

हे शास्त्र आपल्याकडे रुजलं ते मुंबईत. मूळच्या अमेरिकन एलिझाबेथ लंडी, लग्नानंतरच्या कमला निंबकर, यांनी १९५० साली केईएम रुग्णालयात या विषयाची देशातली पहिली शाळा काढली. दोनच वर्षांनी, १९५२ मध्ये, व्यवसायोपचार तज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना उभी राहिली.

ज्येष्ठ नागरिकांसाठीचा २००७ चा कायदा प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, दीडशे निराधारांना पुरेल असा वृद्धाश्रम असावा असं सांगतो. तिथल्या सोयींबद्दल बोलताना तो वैद्यकीय सेवेचं आणि करमणुकीचं नाव घेतो. या दोहोंच्या मधे जे असतं, म्हणजे काम, त्याचं नाव घ्यायचं मात्र राहून गेलं.

पण नुसता तज्ज्ञ आणून भागत नाही. ब्रिटनमध्ये २२८ निवासगृहांतल्या, पक्षाघात झालेल्या १०४२ जणांचा अभ्यास झाला. काही गृहांत तीन महिने व्यवसायोपचार दिला गेला. रोजची कामं स्वतः करण्याच्या बाबतीत तिथल्या लोकांत आणि इतर गृहांतल्या लोकांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. २०१५ साली हे निष्कर्ष छापून आले. मला त्यातून एक गोष्ट कळते: तज्ज्ञ येऊन जातो, दिवस मात्र सेवकांच्या हाती असतो. आणि सेवकांना घाई असते. एकाला दहा जणांचं आवरायचं असतं, दोष तरी कुणाला द्यायचा?

आणि काम ही माणसाची ओळखही असते. आपल्या नर्सीच्या संत नामदेवांचं घर शिंप्याचं. गावात माणूस कामानंच ओळखला जातो: शिंपीदादा, सुतारबाबा. आश्रमात आल्यावर तोच 'सहा नंबरची खाट' होतो.

म्हणून हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा, जिथं कुठं तुमचं कुणी आश्रमात असेल, तिथं पुढच्या खेपेला केळी आणि बिस्किटं जरूर न्या. शिवाय निवडायला शेरभर तूर न्या, वातींसाठी कापूस न्या. आणि आजोबा सदऱ्याचं बटण लावत असतील, तर हात पुढे करू नका. लागू देत दहा मिनिटं. तुम्ही भेटायलाच तर आला आहात.