दिसणारे तेज आणि अंगचे तेज

श्रोतेहो, माघातल्या रात्री दक्षिण आकाशात व्याध असा झळकतो, की साऱ्या तारकांत तोच थोर वाटावा. त्याच्या बऱ्याच खाली, क्षितिजाकडे, अगस्त्य असतो. दिसायला व्याधाच्या जवळजवळ निम्मा. मात्र हा निवाडा डोळ्यांचा! व्याध पडला शेजारी, अवघ्या ८.६ प्रकाशवर्षांवरचा, त्याचे अंगचे तेज सुमारे २५ सूर्यांएवढे. अंतर दुप्पट झाले, की पोहोचणारा प्रकाश चौथाई उरतो. म्हणून अंतर ठाऊक असल्यावाचून अंगचे तेज सांगता येत नाही. आणि अगस्त्याच्या अंतराचे अंदाज तर दीर्घकाळ फारच निरनिराळे होते. १९८९ साली सोडलेल्या हिप्पार्कस उपग्रहाने ते नेमके मोजले. सुमारे ३१० प्रकाशवर्षे! इतक्या दुरून निम्मा का होईना, पण दिसणारा हा तारा सुमारे १०,००० सूर्यांच्या तेजाने तळपत आहे.